पायात काय?

चालत गाव बघायचा अख्खा बेत मी एकटीनं आखला, आणि त्या बेतात पायच धरायला विसरले. हसू नका. बाकी सगळं आठवलं होतं. दशम्या होत्या, शेंगांची चटणी होती, फिरकीच्या तांब्यात पाणी होतं. उन्हानं कुणाला भोवळ आली तर हुंगायला कांदासुद्धा घेतला होता. कांदा आठवला, पाय नाही आठवले.

आणि गाढवपणा तेवढ्यावर थांबला असता तर तोही मी आज सांगितला नसता. एका बाईनं मला आदल्या दिवशी नीट विचारलं होतं, "पायात काय घालणार गं?" मी सोळा वर्षांची, मराठी सहावी पास झालेली, म्हणजे आमच्या घरात जवळजवळ बॅरिस्टरच. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "पायात काय असायचंय? जोडवी!" आणि वर खुदकन हसले.

विचारणारी बाई विधवा होती.

त्या काळी सोलापुरात आमच्यासारख्या घरांतून पुरुषांना वहाणा आणि बायकांना जोडवी, अशी सरळ वाटणी होती. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे, मला तर नाहीच. देवळापर्यंत जायचं, आडावर जायचं, त्याला वहाणा कशाला? बाई त्याहून लांब जात नव्हती, म्हणून वहाणा नव्हत्या. आणि वहाणा नव्हत्या, म्हणून लांब जात नव्हती. हे कोडं कुणी घातलं देव जाणे, पण ते सोडवायला निघालेली एकच बाई मी पाहिली, आणि तिलाच मी 'जोडवी' म्हणून हिणवलं.

ती आमची घरमालकीण. शुक्रवार पेठेतल्या तिच्या माळवदाच्या घरात आम्ही खाली दोन खोल्यांत राहायचो. सगळी पेठ तिला काकू म्हणायची. लाल आलवण, काटकुळी अंगलट, हातात पुरुषांची काळी छत्री, आणि पायात वहाणा. त्याही स्वतःच्या नव्हेत, गेलेल्या नवऱ्याच्या. नवरा सहा फुटी होता म्हणे, आणि काकू त्याच्या कमरेला लागत असेल-नसेल. त्यामुळं काकूची टाच वहाणेच्या मध्यावर यायची आणि मागचा अर्धा भाग रिकामाच फटाफट आपटत चालायचा. काकू गल्लीत वळली की आधी वहाणा ऐकू यायच्या, मग छत्री दिसायची, आणि मग काकू.

लोक कानात बोटं घालायचे. एकदा समोरच्या जोशीणबाईंनी उपदेश केला, "काकू, नवऱ्याच्या वहाणा पायात घालतात का? देव्हाऱ्यात ठेवून पूजा करतात त्यांची."

काकू म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवून काय करू? देवाला कुठं जायचंय? मला बाजारात जायचंय!"

ती अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण चालायला लागली की कानडी व्हायची. "नडी, नडी" म्हणजे चल, चल. हे तिचं रामनाम. दुपारी सगळी पेठ झोपली की ही बाहेर पडायची. कुठं? कुठंच नाही. उगीच. बाईनं उगीच बाहेर पडणं हे वहाणांपेक्षाही भयंकर होतं. देवाला जाते म्हटलं असतं तर लोकांनी छत्रीसुद्धा चालवून घेतली असती. पण काकू खोटं बोलायची नाही. "कुठं चाललात?" म्हटलं की म्हणायची, "बघायला." "काय बघायला?" "ते बघितल्यावर सांगते."

पाऊस लांबला की लोक तिच्या छत्रीकडं बोट दाखवायचे. बाई छत्री घेऊन फिरते, पडेल कसा? काकू म्हणायची, "मी लग्न होऊन आले तेव्हा मला छत्री नव्हती. तेव्हा काय सोलापुरात पूर येत होते व्हय?"

कोपऱ्यावरच्या टांगेवाल्याची आणि तिची वर्षानुवर्षांची जुगलबंदी होती. तो रोज म्हणायचा, "क्या काकू, आज तो बैठो! मेरा घोडा भी शरमिंदा होता." काकू म्हणायची, "अरे, तो दमलाय बघ. त्यालाच बसव आत. मी ओढते."

भाडेकरू ठेवतानासुद्धा ती जात-गोत, पगार, काही विचारत नसे. एकच प्रश्न: "आलात कशानं?" टांग्यानं आलो म्हणणाऱ्याला खोली मिळत नसे. आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना मिळाली, कारण त्या दिवशी त्यांचं टांगेवाल्याशी भांडण झालं होतं आणि ते तणतणत चालत आले होते. काकूला वाटलं, तत्त्वाचा माणूस. पुढं तिचा गैरसमज दूर झाला, पण एकदा दिलेली खोली तिनं काढून घेतली नाही.

शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा भेटायला गेलेल्याला म्हणायची, "कशी आलीस ते सांग." मग आपण सांगायचं, अमक्या बोळातून, तमक्या पारावरून. ती डोळे मिटून पडल्या पडल्या आपल्याबरोबर चालायची. एखादं वळण गाळलं तर डोळे न उघडता म्हणायची, "भिंतीतून आलीस काय?" तिला शेवटपर्यंत फसवता आलं नाही.

असो. मी माझ्या गाढवपणाकडं येते.

चैत्रात आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, टेंभुर्णीहून माहेरपणाला आल्या. त्या जेवता जेवता म्हणाल्या, "लई दिवसांत सोलापूर बघितलं न्हाय. टेसन दावा की मला." त्यावर माझ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी पण नाही पाहिलं."

घास माझ्या हातात तसाच राहिला. सासूबाई लग्न होऊन या गावात आल्या त्याला एक पिढी उलटली होती. घर, आड, सिद्धेश्वराचं देऊळ, एवढं त्यांचं सोलापूर. गाडीची शिट्टी त्यांनी रोज ऐकली होती आणि गाडी एकदाही पाहिली नव्हती.

मामंजी कचेरीत कारकून. कचेरीत साहेबासमोर जेवढं वाकायचे तेवढं घरी ताठ बसायचे. ते म्हणाले, "बायकांना गाव बघायचंय! बघा की. पण टांगा-बिंगा काही नाही. चालत जायचं, चालत यायचं. टांग्यात बसून परत आलात, तर पुन्हा या घरातल्या बाईनं देवळापलीकडं पाऊल टाकायचं नाही. आहे कबूल?"

त्यांना वाटलं, गोष्ट मिटली. सासूबाई पानाकडं बघत म्हणाल्या, "कबूल."

ही बातमी काकूला कळायला वेळ लागला नाही. ती दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ऐसपैस बसली आणि जमिनीवर तिनं सोलापूर मांडायला घेतलं. खलबत्ता म्हणजे भुईकोट किल्ला. परातीत पाणी ओतलं, ते सिद्धेश्वराचं तळं. त्यात वाटी उपडी घातली, ते देऊळ. पोळपाट म्हणजे स्टेशन. लाटणं उभं केलं, ते गिरणीचं धुराडं. ते सारखं पडायचं, म्हणून वन्संनी धरून ठेवलं. शेंगदाणे टाकत टाकत तिनं रस्ते केले. "इथं सावली आहे. इथं नाही. इथं पाणी मिळतं, पण गोड नाही. हितून जाऊ नका, हितं कुत्री वाईट." सासूबाई वाकून वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काकू, मला माझं स्टेशन द्या आता, पोळ्या लाटायच्यात."

मला तो सगळा पोरखेळ वाटला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की काकू आमच्याबरोबर येणार. आलवण, छत्री, ते फटाफट. रस्त्यात माझ्या वर्गातली एखादी मुलगी भेटली तर? म्हणून मी पाटी काढली आणि म्हणाले, "आम्ही आमचं बघू, काकू. मी लिहून काढलंय. सकाळी देऊळ आणि तळं, मग किल्ला, मग दुपारच्या गाडीच्या वेळेला स्टेशन."

"दुपारच्या?" काकू म्हणाली. मग तिनं तो प्रश्न विचारला. आणि मी ते उत्तर दिलं.

वन्संच्या हातून धुराडं पडलं. काकूनं शेंगदाणे गोळा करून सासूबाईंच्या हातात दिले, "बरं" म्हणाली आणि उठून गेली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी निघालो. सासूबाई, वन्सं, मी, आणि सोबतीला पुरुष पाहिजे म्हणून आमचे हे. यांच्या पायात नवे पंपशू. देवळापर्यंत झकास गेलं. तळ्यातल्या माशांना लाह्या टाकल्या. किल्ल्यात सासूबाईंनी एका तोफेला हात लावून बघितला आणि इकडंतिकडं पाहून हळूच तिच्यावर टेकल्या. "पाय दुखले म्हणून नव्हे," म्हणाल्या, "तोफेवर बसले होते असं सांगता यावं म्हणून."

मग आम्ही स्टेशनच्या रस्त्याला लागलो, आणि सूर्य डोक्यावर आला.

सोलापूरचा चैत्र ज्यानं अनवाणी पाहिला नाही त्याला मी काय सांगू? फुफाटा असा तापलेला, की त्यात पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत चटका. खडीवर पाय ठेवावा तर तवा. आधी आम्ही झपझप चाललो. मग पळत सुटलो, या झाडाखालून त्या झाडाखाली. मग झाडं संपली. वन्संनी तांब्यातलं प्यायचं पाणी पायांवर ओतलं. मी पिशवीवर उभी राहिले, दशम्यांसकट. आमचे हे पुढून ओरडत होते, "चला की! गाडी निघून जाईल! काय गोगलगायी आहात का?" त्यांना खरंच कळत नव्हतं हो. पंपशूतून रस्ता थंड लागतो.

सासूबाई मात्र एका भिंतीच्या वीतभर सावलीत पाय जुळवून उभ्या होत्या. मी खाली पाहिलं, तर त्यांच्या तळव्याला फोड येऊन फुटला होता आणि धुळीत ओला डाग उमटला होता.

तेवढ्यात रिकामा टांगा आला. टांगेवाल्यानं आमच्याकडं बघून न विचारताच घोडा थांबवला. यांनाही शेवटी ते पाऊल दिसलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "बस आई," ते म्हणाले. "बाबांना मी सांगतो."

मी तर एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. रडत होते मी. म्हणाले, "चला ना, सासूबाई, कशाला बघायचं ते स्टेशन!"

सासूबाईंनी टांग्याकडं पाहिलं. मग रस्त्याच्या टोकाकडं, जिकडून शिट्टी येत होती. म्हणाल्या, "आज बसले, तर संपलंच की गं."

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. फटाफट, फटाफट.

काकू सकाळपासून आमच्या मागं होती. एवढी लांब, की आम्हाला दिसू नये, आणि एवढी जवळ, की आम्ही तिला दिसावं. ती आली, तिनं छत्री सासूबाईंच्या हातात दिली, स्वतःच्या वहाणा काढून त्यांच्या पायांसमोर ठेवल्या आणि त्या फुफाट्यात अनवाणी उभी राहिली. माझा बांध फुटला. मी म्हणाले, "काकू, चुकलं माझं, मी काल..."

"चुकलेलं सावलीत सांगायचं," काकू म्हणाली. "हितं पाय भाजतात. नडी, नडी!"

थोडं पुढं लिंबाखाली एक चांभारकाका बसायचे. काकूच्या वहाणांचे अंगठे तेच शिवायचे. आम्हा बायकांचा तांडा बघून ते चकित झाले. "माज्याकडं बायकांच्या मापाच्या न्हाईत बा, काकू. कोन घालतंय? पोरांच्या हायत, बगा."

"काढा," काकू म्हणाली.

पोरासोरांच्या वहाणा सासूबाईंसमोर मांडल्या गेल्या. त्यांनी एक पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी धरलं. देवळाची पायरी चढताना त्या जशा थांबायच्या, तशा थांबल्या होत्या. मग पाय घातला.

"दमा आईसाहेब," चांभारकाका म्हणाले, "अंगट्याला त्याल लावतो. नवी हाय, चावंल."

"चावू दे," सासूबाई म्हणाल्या. "भाजण्यापेक्षा बरं."

मग वन्संनी आणि मीही घातल्या, काकूच्या काकूकडं परत गेल्या, आणि दिवसभराच्या खर्चाचं जे काही यांच्या खिशात होतं ते तिथं रिकामं झालं. स्टेशनवरची भजी राहिली. पण आम्ही स्टेशनच्या पुलावर चढलो, आणि गाडी आली. पूल हादरला. वन्संनी माझा दंड धरला. सासूबाईंनी कठड्याला दोन्ही हात लावले, धूर अंगावर घेतला, आणि गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी मोठी, पण हिलाही रूळ सोडून जाता येत नाही."

काकू इतक्या मोठ्यानं हसली, की हमालांनी वर पाहिलं. मी तिला तेवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

ऊन कललं आणि आम्ही परत निघालो. शुक्रवार पेठेच्या तोंडाशी आलो. पुढं आमची गल्ली, ओट्या-ओट्यावर माणसं बसलेली, आणि आमच्या दारात मामंजी. ते टांग्याची वाट बघत होते. चेहऱ्यावरूनच दिसत होतं. आमचे हे घाईघाईनं कुजबुजले, "काढा आता. हातात घ्या."

मी काढल्या. सांगते ना, काढल्या. काढून पदराखाली घेतल्या, चोरीचा माल असावा तशा. वन्संनी पण काढल्या. काकू नुसती बघत उभी राहिली.

सासूबाईंनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि गल्लीत शिरल्या. त्यांच्या वहाणा बेताच्या होत्या, फटाफट वाजत नव्हत्या. नव्या कातड्याचा करकर आवाज येत होता फक्त. पण गल्ली एवढी गप्प झाली होती, की तो शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला. जोशीणबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मामंजी उठून उभे राहिले. "हे काय पायात?"

"वहाणा," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात, चालत या. चालत आले."

"बाईमाणसानं... लोक काय म्हणतील?"

"टांगा केला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, ते आधी सांगा."

मामंजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळे ओटे त्यांच्याकडं बघत होते. शब्द त्यांचाच होता, सगळ्या पेठेला माहीत झालेला. ते आत गेले आणि आतून ओरडले, "पाणी द्या कुणीतरी!" सासूबाईंनी वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, मामंजींच्या वहाणांना अगदी लागून, आणि आत जाऊन पाणी दिलं.

त्या रात्री मी त्यांच्या पायांना लोणी लावलं. त्या झोपेपर्यंत स्टेशनबद्दल बोलत होत्या. पुढल्या महिन्यात त्या गिरणीचं धुराडं बघायला गेल्या. मग संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, मग कुठं कुठं. मामंजींनी पुन्हा अट घातली नाही. अट घालायची त्यांना भीतीच बसली.

आणि मी? सहावी पास? दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन आडावर निघाले, अनवाणी. काकू ओट्यावर बसून वहाणांची धूळ झटकत होती. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं.

"कालच्या कुठं गेल्या?"

"ट्रंकेत ठेवल्यात," मी म्हणाले. "सणासुदीला घालीन. सासूबाई घालतात, तुम्ही घालता, झालं की. मी लहान. मी नाही घातल्या तर काय बिघडलं?"

काकूनं वहाण खाली ठेवली. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता परवाचं 'जोडवी' बाहेर निघणार. पण ती अगदी शांतपणे म्हणाली,

"मी घातल्या तर लोक म्हणतात, नवरा मेला, डोकं फिरलं बाईचं. तुझ्या सासूनं घातल्या तर म्हणतील, म्हातारी झाली, पाय दुखत असतील. तू घाल पोरी. तुझ्यासाठी त्यांना कारण सापडायचं नाही."